कमरेच्या उंचीवरून

नाताळचा दुसरा दिवस. हडर्सफील्डमध्ये
चार वाजताच दिवेलागण झालेली.
खाली सासरची माणसं, सहा. वर संडास एकच,
आणि तो तुंबलेला.

निरंजन म्हणाला, प्लंबरला विचारलं.
सुट्टीचे एकशे साठ पौंड, तेही उद्या.
त्याने दोनदा फ्लश करून पाहिलं होतं.
पाणी काठाशी येऊन थांबलं,
एखादं वाक्य ओठांशी थांबावं तसं.

मी दार लावलं आणि आप्पांना व्हिडिओ कॉल केला.
इचलकरंजीत साडेनऊ. कानटोपी घालून
ते बातम्या बघत होते.
फोन टाकीवर ठेवला, ब्रशच्या पेल्याला टेकवून.
"दाखव," म्हणाले.
मी लाजत कॅमेरा वळवला. ते लाजले नाहीत,
चष्मा पुसून पुन्हा चढवला.
"चढतंय का उतरतंय?"
"उतरतंय. पण रडतखडत."
"म्हणजे वाट आहे अजून. आता साखळी ओढू नको."
(साखळी! इथे बटण आहे, आप्पा.)

लग्न ठरताना विचारलं होतं, वडील कुठे होते?
नगरपालिकेत, मी म्हणाले.
कुठलं खातं, ते कुणी विचारलं नाही.
आठ वर्षं झाली,
त्या न विचारलेल्या प्रश्नावर
मी संसार मांडून बसले आहे.

"भांड्याचा साबण आण, पातळ. हात आखडू नको."
बाटली स्वेटरखाली लपवून वर आणली.
जिन्यात सासूबाई: "कुणाशी बोलतेस गं?"
"आप्पांशी."
"अगं बाई, संडासातून?"

"पाणी गरम घे, पण उकळतं नको,
चिनीमाती तडकते. पोराला अंघोळ घालशील तेवढं.
बादली कमरेपर्यंत उचल आणि तिथून ओत.
जोर पाण्याचा हवा, तुझा नको."
हे शेवटचं वाक्य
किती नव्या पोरांना सांगितलं असेल त्यांनी.
मला पहिल्यांदाच.

"आता अर्धा तास थांब."

एरवी आमचं बोलणं दोन मिनिटांचं.
जेवलीस का. थंडी आहे का. ठेवू का.
आज मी टबच्या काठावर बसले
आणि त्यांनी सांगितलं, गावभागातल्या गटारीत
एकदा चांदीचा पैंजण सापडला.
घर शोधून द्यायला गेले,
तर बाई म्हणाली, पायरीवर ठेवा.
तांब्याभर पाणी ओतलं तिने त्यावर,
मग उचलला.
"काय लखलखला सांगू!" म्हणत आप्पा हसले.
मला हसता आलं नाही.

मग मॉप. त्याच्या तोंडावर जाड पिशवी,
केसांच्या रबराने घट्ट बांधलेली.
"हातमोजे आहेत?"
"आहेत. पिवळे."
"फाटके नाहीत ना?"
"नवे आहेत, आप्पा."
थोडं थांबून म्हणाले, "बरं झालं."

"दाब हळू. सोडताना ओढ.
काम ओढण्यात असतं."
दाबलं, ओढलं. दाबलं, ओढलं.
कपाळावरचे केस मागे सारायला हात मोकळा नव्हता.
अकराव्यांदा की बाराव्यांदा आतून एक ढेकर,
मग खोल कुठेतरी घळ्ळ.
"गेलं," आप्पा म्हणाले.
फोन केव्हाच घसरून आडवा झाला होता,
त्यांना नुसतं छत दिसत होतं.
त्यांनी कानांनी ओळखलं.

दार उघडलं तर सासरे समोर, घाईला आलेले.
"झालं? कोण आलं होतं?"
मी बेसिनशी. टाकीवरून आवाज:
"हात कोपरापर्यंत धू गं, घाई करू नको."
सासरे घाई विसरून फोनवर वाकले.
"अरे, व्याही तुम्ही! कमाल आहे.
नगरपालिकेत होतात ना?
कुठल्या खात्यात?"

साबण कोपरापर्यंत होता.
मी नळ बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून.